नोंदणी खिडकीने संगणकाला जे शिकविले



खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे व जमाखर्च यांचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले होते की, आम्ही पैसा रुग्णांसाठी देतो, मग तो संगणक प्रणालीच्या फेरबदलांवर का खर्च होतो? एकदा विकत घेतलेली वस्तू पुनःपुन्हा का दुरुस्त करावी लागते? प्रश्न रास्त होता. सभेत वेळेअभावी आम्ही दिलेले उत्तर मात्र अपुरे होते. ते येथे सविस्तर देत आहोत.

प्रणाली बिघडली म्हणून बदलावी लागली, असे झाले नाही. ती आम्ही योजिल्याप्रमाणे कोणी वापरलीच नाही, म्हणून ती बदलावी लागली. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, नोंदणी लिपिक, परिचारिका या सर्वांनी तिचा आपापल्या गरजेप्रमाणे वापर केला. प्रारंभी आम्ही याला बेशिस्त समजलो आणि सूचनांची परिपत्रके काढली. परिपत्रके फलकावर लागली, पिवळी पडली, आणि वापर होता तसाच चालू राहिला. तेव्हा कुठे, लोक असे का करतात हे त्यांच्याजवळ बसून पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली.

पहिली गोष्ट भिंतीवरच्या दिनदर्शिकेची. फेरतपासणीची तारीख देण्याची सोय प्रणालीत आहे. डॉक्टरांनी 'दोन आठवड्यांनी' असे लिहिले की संगणक चौदावा दिवस काढून देतो. असे असूनही आमच्या लिपिक ताई प्रत्येक रुग्णाला तारीख देताना मान वळवून मागे टांगलेल्या 'कालनिर्णय'कडे पाहत आणि संगणकाने सुचविलेली तारीख खोडून दुसरी घालीत. आमच्या लेखी हे वेळेचा अपव्यय करणारे होते. चौकशी केल्यावर कळले की, चौदावा दिवस अमावास्येचा असेल तर निम्मी मंडळी येत नाहीत, पितृपंधरवड्यात शस्त्रक्रियेला नाव नोंदवून घेणारे विरळाच, आणि खेड्यांवरून येणारे रुग्ण आठवडी बाजाराच्या वारी येतात, कारण त्या दिवशी वाहन मिळते आणि एका फेरीत दोन कामे होतात. आपल्या भागाची म्हणून आणखी काही गणिते आहेत. फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदान दिनानिमित्त वढू बुद्रुक येथे मोठा समुदाय जमतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात व पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील वाहतूक वळविली जाते. त्या दिवशी केंदूर-पाबळच्या बाजूने एखाद्या वृद्ध रुग्णाला पट्टी बदलण्यास बोलाविणे म्हणजे त्याला न येण्यास सांगण्यासारखेच होय. संगणकाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. ताईंना सारे ठाऊक होते.

आमच्या 'गैरहजर रुग्णां'च्या यादीत तोवर निष्काळजी म्हणून ज्यांची नावे पडत होती, त्यांतील पुष्कळांवर तो शिक्का अन्यायाने बसला होता. आता तारखेच्या चौकटीत वार, तिथी व आपल्या परिसरातील गर्दीचे दिवस दिसतात. अमावास्येविषयी विश्वस्त मंडळात बराच वाद झाला, हे प्रांजळपणे नमूद करतो. रुग्णालयाने अशा समजुतींना खतपाणी का घालावे, असा एक पक्ष होता. तातडीची शस्त्रक्रिया कोणत्याही तिथीसाठी थांबत नाही व थांबणार नाही. परंतु टाके काढण्यास एक दिवस पुढे-मागे झाल्याने काही बिघडत नसेल, तर रुग्ण येईल तो दिवस बरा, असे शेवटी ठरले.

दुसरी गोष्ट पत्त्याच्या दुसऱ्या ओळीची. नोंदणीच्या पडद्यावर पत्त्यासाठी दोन ओळी आहेत. खेड्यातील पत्ता सहसा एका ओळीत संपतो. दुसरी ओळ रिकामी राहावी, अशी आमची अपेक्षा होती. एकदा पत्त्यांची यादी छापून पाहिली, तर दुसऱ्या ओळीत 'ऐकू कमी येते', 'सोबत सून असते', 'पेनिसिलीन चालत नाही', 'जिना चढवू नये', 'मुलगा रात्रपाळीला, दुपारनंतर फोन करणे' असा मजकूर सापडला. हा मजकूर लिहिण्यासाठी 'शेरा' नावाचा स्वतंत्र रकाना आम्ही दिला होता आणि तो बहुतेक ठिकाणी कोरा होता. कारण अगदी साधे निघाले. शेऱ्याचा रकाना केसपेपरवर छापलाच जात नव्हता. पत्ता मात्र नावाखाली ठळक अक्षरांत छापला जाई. डॉक्टरांची नजर जेथे निश्चित पडणार, तेथे लिपिकांनी आवश्यक माहिती नेऊन ठेवली होती.

यांतील पेनिसिलीनची नोंद आम्हांस अस्वस्थ करून गेली. एखाद्या औषधाचे वावडे असणे ही जिवावर बेतू शकणारी बाब आहे. ती पत्त्यात लिहिली जाते, तेव्हा कागद पाहणाऱ्याला ती दिसते, परंतु औषध देताना संगणकाने जी सूचना द्यावयाची ती तो देऊ शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते गावाचे नाव असते. लिपिकांना दोष देऊन हे सुटले नसते. वावड्याचा रकाना आता केसपेपरच्या शिरोभागी लाल चौकटीत छापला जातो, त्याखाली 'विशेष सूचना' म्हणून एक मोकळी ओळ येते, आणि पत्त्याच्या ओळी पुन्हा पत्त्याच्या झाल्या आहेत. जुन्या नोंदी एकेक वाचून योग्य जागी हलविण्याचे काम दोन परिचारिकांनी त्यांच्या दुपारच्या वेळात केले. देणगीदारांनी ज्या खर्चाविषयी विचारले, त्याचा एक भाग या फेरबदलाचा आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आपल्या रुग्णालयात या निधीला देणगीदारांच्या रकमांचीही जोड मिळते. प्रणाली बसविताना हिशोब चोख राहावा म्हणून आम्ही नोंदणीच्या वेळीच प्रवर्ग निवडण्याची सोय केली, आणि निवडलेला प्रवर्ग केसपेपरवर नावाशेजारी छापला जाईल अशी व्यवस्था केली. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास पाठवावयाचे विवरण यामुळे आपोआप तयार होऊ लागले. आम्ही समाधानी होतो.

काही महिन्यांनी लक्षात आले की, 'निर्धन' हा प्रवर्ग निवडण्याचे प्रमाण घटत चालले आहे. परिसरातील कारखानदारी पाहता, सणसवाडी-रांजणगावच्या रोजगारामुळे लोकांची स्थिती सुधारली असावी, असा सोयीस्कर निष्कर्ष आम्ही काढला. तो निष्कर्ष एका बैठकीत मांडलाही गेला. समाजसेवा अधीक्षकांनी मात्र तो मान्य केला नाही. सवलतीस पात्र असलेली कुटुंबे दागिने मोडून देयक भरताना त्यांना दिसत होती.

खिडकीपाशी काही दिवस बसल्यावर उलगडा झाला. एका आजोबांनी शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दोन्ही आणले होते. हातात आलेला केसपेपर त्यांनी चश्मा लावून वाचला, परत खिडकीत सरकविला आणि म्हणाले, "ताई, एवढं खोडून द्या. गावातली माणसं भेटायला येतात, कागद उशाशी असतो." ताईंनी दुसरा कागद छापून दिला, साध्या प्रवर्गाचा. त्या दिवसापुरते आजोबांच्या मनाचे समाधान झाले आणि सवलत गेली. असे करणारे ते एकटे नव्हते. मुलीच्या सासरची मंडळी पाहतील म्हणून, शेजारच्या खाटेवर नात्यातला माणूस आहे म्हणून, किंवा नुसताच तो शब्द नको म्हणून, लोक आपल्या हक्काच्या मदतीवर पाणी सोडीत होते. लिपिकही त्यांच्या मनाला जपण्यासाठी मुकाट्याने प्रवर्ग बदलीत होते. संगणकात मात्र या साऱ्याचा अर्थ 'निर्धन रुग्ण कमी झाले' एवढाच उमटत होता.

देणगीदारांनी ज्या कारणासाठी निधी दिला, त्याच कारणापासून एका छापील शब्दाने लोकांना दूर ठेवले होते. हा दोष सर्वस्वी आमचा होता. विवरण तयार करण्याच्या सोयीसाठी आम्ही तो शब्द रुग्णाच्या उशाशी नेऊन ठेवला होता. आता प्रवर्ग केसपेपरवर, खाटेच्या पाटीवर वा डिस्चार्ज कार्डावर छापला जात नाही. तो फक्त देयक विभाग व समाजसेवा अधीक्षक यांच्याच पडद्यावर दिसतो. प्रवर्गाविषयीची बोलणी खिडकीवर, रांगेच्या कानांदेखत होत नाहीत. त्यासाठी आतली एक छोटी खोली मोकळी केली आहे. प्रवेशाच्या दिवशी दाखला नसेल, तर तो नंतर आणून दिला तरी प्रवर्ग बदलता येतो. पूर्वी एकदा देयक सुरू झाले की प्रणाली हा बदल स्वीकारीत नसे. या फेरबदलानंतर पात्र कुटुंबे पुन्हा दाखले घेऊन पुढे येऊ लागली आहेत. त्या आजोबांचे देयकही निधीतून पूर्ण भागविण्यात आले, हे येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

माहेर-सासरचा प्रश्न याहून नाजूक नाही, परंतु गुंतागुंतीचा आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलगी लग्नानंतर सासरच्या गावी गरोदरपणाची नोंद करते, सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, बाळंतीण होते, सव्वा महिन्याने वा त्यानंतर परत जाते. लग्नात आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, काही घरांत मुलीचे स्वतःचे नावही बदलतात. आमच्याकडे लहानपणी माहेरच्या नावाने नोंदलेली मुलगी पुढे सासरच्या नावाने आली की संगणक तिला नवी व्यक्ती समजे. तिचा रक्तगट, बालपणीचा आजार, आधीच्या शस्त्रक्रियेची नोंद, सारे जुन्या नावाखाली पडून राही. बाळाचे तर आणखी विचित्र. जन्मतः ते आईच्या नावाने 'अमुकचे बाळ' म्हणून नोंदले जाते, बारशानंतर नाव मिळते, आणि लसीकरणाला आजी घेऊन येते ती घरातल्या लाडक्या नावाने.

प्रसूती विभागातील सिस्टरांनी यावर स्वतःच तोड काढली होती. आडनावाच्या रकान्यात त्या दोन्ही आडनावे तिरकी रेघ देऊन लिहीत, गावाच्या रकान्यात 'वढू (माहेर)' असे लिहीत, आणि शिवाय एक वही ठेवीत. संगणकीकरणानंतर वह्या बंद करण्याचा आमचा आदेश होता. ही वही तरीही कपाटात चालू होती. ती वही जप्त न करता वाचली, हे बरे झाले.

या बाबतीत शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य वढू बुद्रुक येथे १९७०च्या दशकापासून चालत आले आहे. ते उभे करणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांना १९९३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. खेड्यातीलच माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक करावे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. २००२ पासून तेथील संशोधन केंद्राने शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवण्याचे काम चालविले आहे. अशा प्रकारच्या नोंदपद्धतीचे तत्त्व असे की, व्यक्तीला एक कायम क्रमांक मिळतो; लग्न, गाव सोडणे, परत येणे या त्या व्यक्तीच्या आयुष्यातील घटना म्हणून नोंदल्या जातात. नाव वा घर बदलल्याने माणूस नवा होत नाही. रुग्णालयाची प्रणाली बनविणाऱ्यांनी नाव हीच ओळख धरली होती. आता आमच्याकडे एका क्रमांकाखाली अनेक नावे राहू शकतात, माहेर व सासर हे दोन स्वतंत्र रकाने आहेत, आणि बाळाची नोंद आईच्या नोंदीला जोडलेली राहते. सिस्टरांची वही त्यानंतर आपोआप बंद पडली. आदेशाने ती बंद झाली नव्हती.

वयाबद्दल थोडेसे. आपल्या प्रणालीतील साठीपुढील रुग्णांच्या जन्मतारखा पाहिल्या, तर १ जून या तारखेला जन्मलेल्यांची विलक्षण गर्दी दिसते. महाराष्ट्रात हे सर्वत्र आढळते. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकीत. ज्यांना शाळा लाभली नाही, ते वय पन्नास, पंचावन्न, साठ असे सांगतात. लोकसंख्याशास्त्रात हे मोजण्यासाठी व्हिपल यांचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतील किती जणांनी शून्य वा पाच या अंकांनी संपणारे वय सांगितले, ते त्यावरून कळते. सर्व वये खरी असतील तर उत्तर १०० येते आणि प्रत्येकानेच असे गोल वय सांगितले तर ५००. आमच्या प्रणालीत जन्मतारीख सक्तीची होती. ती नसेल तर पडदा पुढे सरकत नसे, म्हणून लिपिक १ जून घालून पुढे जात. सक्तीमुळे माहिती मिळाली नाही, फक्त खऱ्या-खोट्यातला भेद पुसला गेला. आता 'अंदाजे वय' अशी खूण करता येते, आणि वय काढण्यासाठी शेजारी घटनांची एक छोटी यादी येते : पानशेत धरण फुटले (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधींची हत्या (१९८४). कारखान्यांच्या निमित्ताने लातूर-धाराशिवकडून इकडे स्थायिक झालेल्यांसाठी किल्लारीचा भूकंप (१९९३) घातला आहे. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, थोरला पोटात होता," असे एखादी आजी सांगते, तेव्हा तिच्या वयाचा अंदाज १ जूनपेक्षा कितीतरी विश्वसनीय येतो. एस.टी.च्या सवलतीसाठी आधार कार्डावरचे वय निराळे असू शकते, त्यात आम्ही पडत नाही.

दूरध्वनी क्रमांकाच्या रकान्याचा अनुभव असाच आहे. एका घरात एकच फोन, तोही चाकणला नोकरी करणाऱ्या मुलाजवळ. मग तपासणीचा निरोप मुलाला जातो आणि आईला तो रविवारी कळतो. ज्यांच्याजवळ फोनच नाही, त्यांच्या नावापुढे दहा नऊ लिहिलेले आढळत. आता क्रमांक कोणाचा, हे विचारले जाते. ज्यांना संदेश वाचता येत नाही, त्यांना आदल्या दिवशी माणूस फोन करतो.

याच संदर्भात कोविड काळातील शासनाच्या 'कोविन' प्रणालीचा अनुभव सर्वांच्या स्मरणात असेल. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, ती ऑनलाइन नोंदणीच्या अटीवर. शहरातील चपळ बोटांनी खेड्यांतील केंद्रांवरच्या वेळा आधीच घेऊन टाकल्या; गावकरी आपल्याच गावच्या केंद्रासमोर मोटारींची रांग पाहत उभे राहिले. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली. नाव नोंदवूनही लस घ्यायला न गेलेल्या काहींना 'लस दिली' असा संदेश गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ८ मेपासून चार अंकी सुरक्षा संकेत सुरू झाला. एका फोनवर चार जणांची नोंदणी होत असे, ती मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये सहा झाली. एवढ्या प्रचंड व्याप्तीची प्रणालीही लोकांच्या वर्तनाकडे पाहून आठवड्या-आठवड्याला बदलावी लागली, हे आमच्या शंकाकुल सभासदांनी ध्यानात घ्यावे.

येथवर वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, वापरकर्ता करील ते सारे योग्यच असते. तसे मुळीच नाही. अमेरिकेत रुग्णाच्या मनगटपट्टीवरील बारकोड वाचूनच औषध देण्याची पद्धत आली, तेव्हा परिचारिका पट्ट्यांच्या जादा प्रती काढून टेबलावर वा दाराच्या चौकटीला लावून ठेवीत आणि रुग्णाकडे न जाता तेथूनच बारकोड वाचीत, असे आढळून आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या रॉस कॉपेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा पळवाटांचे १५ प्रकार आणि त्यांमागील ३१ कारणे नोंदविली आहेत. कारणे खरी होती : चुरगळलेले बारकोड, संपलेली बॅटरी, भिजलेली पट्टी. तरीही परिणाम धोकादायक होता, कारण योग्य रुग्णाला योग्य औषध मिळावे या मूळ हेतूलाच ती पद्धत बाधा आणीत होती.

त्याहून गंभीर उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा दिली. त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ मध्ये घडलेल्या दोन घटनांचे मूळ असे निघाले की, रोजच्या सरावाने वेगवान झालेली तंत्रज्ञ चुकीचे अक्षर पडले की झटकन मागे जाऊन ते सुधारीत असे. यंत्राची जुळणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. दुरुस्ती त्याआत झाली की सॉफ्टवेअरला ती कळतच नसे. पडद्यावर दुरुस्त केलेला मजकूर दिसे, यंत्र मात्र जुन्या-नव्याच्या मिश्र अवस्थेत किरण सोडी. तंत्रज्ञाने काहीही गैर केले नव्हते. इतक्या वेगाने कोणी टंकलेखन करील, हे बनविणाऱ्यांच्या कल्पनेत नव्हते. हा दोष उघडकीस आला, तोही त्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि ती तंत्रज्ञ यांनी पुनःपुन्हा तीच कृती करून पाहिली म्हणून. वरवर किरकोळ वाटणारी सवय दुर्लक्षिली गेली तर काय होऊ शकते, यासाठी हे उदाहरण आम्ही नव्या कर्मचाऱ्यांना आवर्जून सांगतो.

आमच्याकडेही एक पळवाट अद्याप बंद झालेली नाही. रात्रपाळीत पासवर्ड एकाचा आणि काम चौघांचे, असे घडते. प्रणाली पाच मिनिटे हात न लावल्यास बंद होते. परिचारिका रुग्णाला सलाईन लावून परत येते तो पडदा बंद, मग पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. परिणामी कोणीतरी प्रवेश करून ठेवतो आणि सारे त्याच्याच नावाने नोंदी करतात. येथे आम्ही माघार घेऊ शकत नाही; औषध कोणी दिले, हे नोंदीवरून कळलेच पाहिजे. वेळ वाढवून पाहिली, तर पडदा उघडा राहून भेटीला आलेल्या नातेवाइकांना दुसऱ्या रुग्णांची माहिती दिसू लागली. आता ओळखपत्र टेकवून क्षणात प्रवेश करण्याची यंत्रे आंतररुग्ण विभागाच्या दोन कक्षांत बसविली आहेत. अनुभव बरा आहे, पण एकजण ओळखपत्र टेबलावरच ठेवून जातो, हेही पाहण्यात आले आहे.

या कामाची आमची रीत साधी आहे. नोंदणी खिडकी, औषध विभाग व प्रसूती कक्ष येथे एकेक वही ठेवली आहे. प्रणाली जेथे अडविते, किंवा तिला चुकवून काम करावे लागते, तेथे कर्मचाऱ्याने एक ओळ लिहावी. नाव लिहिण्याची सक्ती नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी समाजसेवा अधीक्षक, मेट्रन, एक विश्वस्त व प्रणाली सांभाळणारे अभियंता बसून ती वाचतात. अभियंत्यांना महिन्यातून एक दिवस संगणक खोलीतून उठून खिडकीमागे बसावे लागते. पहिल्या वेळी ते नाखुशीने बसले. हल्ली स्वतःच दिवस ठरवितात.

येत्या वर्षासाठी तीन कामे हाती आहेत. उरलेल्या कक्षांत ओळखपत्र यंत्रे बसविणे, डिस्चार्ज कार्डावरील औषधांच्या वेळा अंकांऐवजी 'सकाळी न्याहारीनंतर' अशा शब्दांत व चित्रांत छापणे, आणि ज्या रुग्णांनी आपले आयुष्मान भारत आरोग्य खाते (आभा) काढले आहे, त्यांचा चौदा अंकी क्रमांक जुन्या नोंदींशी जोडणे. यांतील दुसरे काम रुग्णांच्या नातेवाइकांमुळेच सुचले : औषधांच्या पाकिटांवर सूर्य, चंद्र व ताट अशी चित्रे पेनाने काढून घेणारी अनेक मंडळी आमच्या औषध विभागात दिसली. ज्यांच्या घरी अशी पाकिटे असतील, त्यांनी ती पुढील भेटीत अवश्य आणून दाखवावीत. नव्या कार्डाचा मसुदा त्यांवरूनच तयार होत आहे.